ट्रिगरमागचं गुलाबी मेण

१

टिकली जिंकली, आणि टाळ्या थांबायच्या आत चोर ठरली.

पहिल्या तिघांची पिस्तुलं सामन्यानंतर पुन्हा तपासायची, हा स्पर्धेचा नियम. तपासणी साधीच असते. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं आणि पिस्तूल वर उचलायचं. ट्रिगरने वजन पेललं तर ठीक. न पेलता सुटला तर ट्रिगर नियमापेक्षा हलका, म्हणजे खेळाडू बाद. सकाळी टिकलीच्या पिस्तुलाने सगळ्यांदेखत हे वजन बिनबोभाट उचललं होतं. आता पंचांनी उचललं, तर टक्. पुन्हा उचललं, पुन्हा टक्.

पंचांनी ट्रिगरच्या फटीत बॅटरी मारली, बारीक चिमटा आत घातला आणि काहीतरी कोरून बाहेर काढलं. चिमट्याच्या टोकाला गुलाबी कण होता.

"मेण आहे हे," पंच म्हणाले. "स्प्रिंगमागे याची चकती ठेवली की सकाळी ट्रिगर जड लागतो. खेळताना हाताची ऊब लागते, दाब येतो, मेण चपटं होत जातं आणि ट्रिगर हलका. युक्ती झकास आहे हं! असलं गुलाबी मेण कोण वापरतं?"

उत्तर द्यायची कुणाला गरजच पडली नाही. हॉलमधल्या सगळ्या माना एकाच बाईकडे वळल्या.

ती बाई टिकलीची मावशी. पेशाने दातांची डॉक्टर, म्हणून क्लबात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. दिवसभर लोकांच्या दाढा कोरायच्या आणि उरलेल्या वेळात पिस्तुलं, हा तिचा छंद. भंगारात निघालेलं एअर पिस्तूल आणायचं, ट्रिगर घासूनपुसून लोण्यासारखा करायचा, स्प्रिंगा बदलून बघायच्या, आणि दाताच्या ड्रिलने लाकूड कोरून खेळणाऱ्याच्या मुठीबरहुकूम मूठ बनवायची. मुठीचा ठसा ती कवळीच्या गुलाबी मेणात घ्यायची. टिकलीचं पिस्तूल तर तिने मोडीच्या भावात आणलेलं जुनाट धूड होतं. नव्या चकचकीत पिस्तुलांना ते पाणी पाजायचं, याचा तिला कोण अभिमान!

पंचांनी पिस्तूल न उघडता पारदर्शक पिशवीत घातलं आणि पिशवीला सील ठोकलं. "शनिवारी समिती बसेल," ते म्हणाले. "तेव्हा सगळ्यांसमोर उघडू. आरोप खरा ठरला तर ही मुलगी पुन्हा कुठल्याच स्पर्धेत उभी राहणार नाही."

टिकली रडली नाही. तिने फक्त मावशीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एक प्रश्न होता. तो प्रश्न डॉक्टरीणबाईंच्या काळजात घुसला.

२

"मावशी, तू नाही ना केलंस?"

घरी आल्यावर टिकलीने शेवटी विचारलंच. लहानपणी खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकल्या एकदम फोडून तिने भुवया जाळून घेतल्या होत्या, तेव्हापासून तिचं हे नाव. भुवया परत आल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

"नाही गं बाळा."

"मग बास." टिकलीने नाक पुसलं. "आईचा फोन आला होता. म्हणाली, तुझ्या मावशीच्या नादाने तुझं वाटोळं झालं. यापुढे तिचं तोंड बघू नकोस म्हणाली."

सख्खी बहीण असं म्हणाली! डॉक्टरीणबाईंना न्याय वगैरे नको होता. न्याय समितीने करावा. ज्याने कुणी त्यांचंच मेण वापरून त्यांच्याच पोरीचा गळा कापला होता, त्याला भूल न देता त्याची दाढ उपटायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

"नीट आठव," त्या म्हणाल्या. "सामन्यात काही वेगळं जाणवलं?"

"ट्रिगर हळूहळू हलका झाला असेल, मला कळलंच नाही. पण शेवटी शेवटी पिस्तूल किरकिरत होतं. छर्रा सुटला की बाजूला काहीतरी थरथरायचं. हलणाऱ्या दातासारखं."

"आदल्या दिवशी?"

"अजिबात नाही. सराव केला, पिस्तूल क्लबच्या कपाटात ठेवलं. सकाळी काढलं ते थेट पंचांच्या टेबलावर नेलं. मधे माझ्या हातातून सुटलेलं नाही."

म्हणजे जे घडलं ते कपाटात घडलं. लोखंडी कपाट, भक्कम कुलूप आणि किल्ल्या तिघांकडे. एक क्लबच्या सचिव वकीलबाई. दुसरे घड्याळकाका, क्लबची हत्यारं सांभाळणारे. तिसरे टिकलीचे कोच, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत. डॉक्टरीणबाईंकडे किल्ली नव्हती. मेण मात्र त्यांचंच होतं. क्लबातल्या बाकावर त्याचे तुकडे नेहमी पडलेले असत आणि कुणीही उचलावेत.

"सरांना विचारू का मी?" टिकली म्हणाली. "ते एकटेच आपल्या बाजूने बोलले."

"तू कुणाला काही विचारू नकोस. तोंडात काय काय दडलेलं असतं ते मला जास्त कळतं."

३

वकीलबाईंना दवाखान्यात बोलावणं अवघड गेलं नाही. त्यांच्या दातावरची कॅप निघाली होती.

संशयिताची जबानी कशी घ्यावी याचे हजार प्रकार असतील, पण माणूस आडवा, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात ड्रिल, याला तोड नाही. दुसरी आलेली मुलगी वकीलबाईंची लेक होती. टिकली बाद झाली की पहिला नंबर तिचा. क्लबात सगळे तेच कुजबुजत होते.

"कपाटाची किल्ली कुठे असते तुमची?" डॉक्टरीणबाईंनी ड्रिल थांबवून विचारलं.

वकीलबाईंनी तोंड पुसलं. "संशय माझ्यावर आहे, हो ना? मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा माझ्यावरच घेतला असता. किल्ली पर्समध्ये असते आणि पर्समध्ये काय कुठे असतं ते मलाच सापडत नाही. आणि हे बघा."

त्यांनी चष्मा पुढे केला. काडीचा स्क्रू केव्हाच पडला होता, तिथे सेफ्टी पिन खुपसलेली होती.

"वर्ष झालं. स्क्रू बसवायचा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी तुमच्या त्या यंत्रात मेणाची चकती बसवणार? मी केस करेन, नोटीस पाठवेन, भर सभेत तुमची अब्रू काढेन. पण हे माझ्या हातून होणार नाही."

"तुमची लेक?"

वकीलबाईंचा आवाज एकदम उतरला. "ती पदक घ्यायला तयार नाही. म्हणते, टिकली माझ्यापेक्षा सरस आहे, सगळ्यांना माहितीये. घरात धुसफूस चाललीये नुसती. तुम्ही खरा चोर शोधलात ना, तर माझी पोर माझ्याशी बोलायला लागेल."

सेफ्टी पिनेच्या चष्म्यातून त्या बघत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी कॅप बसवली आणि फी घेतली नाही.

४

घड्याळकाकांच्या दुकानात शंभर घड्याळं शंभर वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. काका डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"या. वाटच बघत होतो. हात बारीक कामाचे आहेत, किल्ली आहे आणि तुमच्यावर रागही आहे. लावा बेड्या."

राग होता, हे खरंच. टिकलीच्या पहिल्या पिस्तुलाचा ट्रिगर काकांनी केला होता. डॉक्टरीणबाईंनी तो चारचौघांत उघडून, "हे काय लोहाराने केलंय का?" असं विचारलं होतं. तेव्हापासून काका त्यांच्याशी कामापुरतंच बोलत.

"तुम्ही केलंत का?" डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं.

"तुमचं नाक कापायला मला आवडलं असतं." काकांनी भिंग काढलं. "पण पोरीचं पिस्तूल किरकिरत होतं म्हणे. बाजूच्या पट्टीचा एखादा स्क्रू सैल राहिलाय, दुसरं काही नाही. मी बसवलेला स्क्रू सैल राहील? मेण घालेन एक वेळ, पण स्क्रू सैल ठेवणार नाही. इज्जतीचा प्रश्न आहे."

हे मात्र डॉक्टरीणबाईंना पटलं. कारागिराचा असला उद्धट राग त्यांच्या ओळखीचा होता. पट्टी म्हणजे ट्रिगरच्या कप्प्यावरचं पितळी झाकण, चार स्क्रूंनी बसवलेलं. मेण आत घालायचं तर ती पट्टी उघडावीच लागते.

"आदल्या दिवशी मी क्लबात होतो," काका म्हणाले. "पोरगी पिस्तूल कपाटात ठेवणार एवढ्यात म्हटलं, थांब, एक फोटो काढू. उद्या जिंकशील. हा बघा."

फोटोत टिकली पिस्तूल रोखून उभी होती आणि पट्टी अगदी समोर आली होती. काकांनी फोटो मोठा केला. चार स्क्रूंच्या चार खाचा चार दिशांना होत्या.

"तुमचं कामच असलं वेडंवाकडं," काका पुटपुटले.

"घट्ट बसला की थांबायचं. खाच कुठे वळलीये ते मी बघत नाही. दाढ पक्की बसली पाहिजे, मग ती कशीही दिसो." डॉक्टरीणबाई फोटोकडे बघत होत्या. "काका, हा मला मोठा करून द्या. आणि मला ते सील केलेलं पिस्तूल एकदा बघायचंय."

५

सील केलेली पिशवी क्लबात, सरांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात होती. कपाटालाही पंचांचं सील होतं.

"बघा ना, बाहेरून बघायला कुणाची ना आहे?" सर म्हणाले. त्यांनी स्वतः चहा मागवला, कप पुढे ठेवला आणि कपाचा कान जरासा फिरवून टेबलाच्या कडेला समांतर केला. "मी समितीला सांगितलंय, डॉक्टरीणबाई असं करणारच नाहीत. फार तर भाचीच्या प्रेमापोटी चूक झाली असेल."

"चूक?"

"म्हणजे, लोक म्हणतात हो. मला त्यातलं काय कळतंय? मी आयुष्यात स्क्रूड्रायव्हर हातात धरलेला नाही. मी माणसं दुरुस्त करतो, यंत्रं नाही."

सरांच्या मागे बोर्डावर वर्तमानपत्राचं कात्रण होतं. उपांत्य फेरीनंतर बातमीदाराने टिकलीला विचारलं होतं, तुला कुणी घडवलं? टिकली पटकन म्हणाली होती, "मावशीने!" तेच मथळ्यात आलं होतं. सरांनी तेव्हा हसून टाळ्या वाजवल्या होत्या आणि कात्रण स्वतःच्या हाताने लावलं होतं. चार कोपऱ्यांना चार टाचण्या, एका रेषेत.

डॉक्टरीणबाई कपाटापाशी गेल्या. काचेआड, प्लास्टिकआड त्यांचं लाडकं धूड निपचित पडलं होतं. पितळी पट्टी वरच्या बाजूला होती. त्यांनी बघितलं, आणि काहीतरी खटकलं. ओरखडा नव्हता, डाग नव्हता. सगळं अगदी नीट होतं. नको इतकं नीट होतं.

"अंधार आहे हो," त्या म्हणाल्या आणि दाराजवळचा दिवा लावायला वळल्या.

बटणापर्यंत गेलेला हात तिथेच थबकला. स्विचबोर्डाच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या होत्या. शेजारच्या पंख्याच्या रेग्युलेटरच्याही. दाराच्या बिजागरीचे सहाच्या सहा स्क्रू उभे. त्यांनी दिवा लावला, मागे वळून पुन्हा पिस्तुलाकडे पाहिलं. पट्टीवरच्या चारही खाचा नळीला समांतर, शिस्तीत उभ्या होत्या.

टेबलावरचा चहा त्या माणसाच्या तोंडावर फेकावा असं त्यांना वाटलं. त्यांनी तो शांतपणे संपवला.

"चहा छान होता, सर," त्या म्हणाल्या. "उद्या तुमच्यासाठी एक भेट पाठवते."

भेट म्हणजे टिकलीचा तो फोटो, लाकडी चौकटीत. चौकट घड्याळकाकांनी केली. कोपऱ्यांवर चार पितळी स्क्रू बसवले, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून प्रत्येक वेगळ्या दिशेला, आणि तसं करताना काका दात खाऊन शिव्या घालत होते. मग काकांनी चौकटीचा फोटो काढून ठेवला आणि स्वतः जाऊन ती सरांच्या भिंतीवर लावली.

"तिच्यावर अजून कुणाचा तरी विश्वास आहे, असं पोरीला वाटू दे," असा निरोपही दिला.

६

शनिवारी समिती बसली. टेबलाच्या एका अंगाला पंच, समोर वकीलबाई, काका आणि सर. टिकली भिंतीला टेकून उभी. डॉक्टरीणबाईंनी सरांच्या भिंतीवरची चौकट येताना काढून आणली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"पिस्तूल उघडायच्या आधी पट्टी बघा," त्या म्हणाल्या. "आणि या चौकटीतला फोटो बघा. हा कपाटात ठेवण्याआधीचा आहे. इथे चारही स्क्रू वेडेवाकडे आहेत. आता पिशवीतलं पिस्तूल बघा."

पंचांनी चष्मा सावरला. "इथे सगळे सरळ आहेत."

"म्हणजे कपाटात गेल्यावर कुणीतरी पट्टी उघडली. माझ्याकडे किल्ली नाही. टिकलीने सकाळी पिस्तूल काढलं ते तुमच्या टेबलावर आणलं. राहिले किल्लीवाले तिघे."

वकीलबाई ताठ बसल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. "ज्यांना आपल्या चष्म्यात स्क्रूच्या जागी पिन चालते, त्या दुसऱ्याच्या पिस्तुलाच्या खाचा सरळ करणार नाहीत. काका सरळ करतील, पण सैल ठेवणार नाहीत. पट्टी किरकिरत होती. ज्याने हे केलं त्याला स्क्रू घट्ट बसण्यापेक्षा सरळ दिसणं महत्त्वाचं होतं. एक स्क्रू सरळ दिसल्याबरोबर त्याने फिरवायचं थांबवलं. पंचसाहेब, आता पिशवी फोडा आणि स्क्रू तपासा."

पंचांनी सील फोडलं. पहिला स्क्रू पक्का होता. दुसरा पक्का, तिसराही पक्का. चौथ्याच्या खाचेत त्यांनी नुसतं नख घातलं आणि तो फिरला.

"आता ही चौकट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकांनी हिचे चारही स्क्रू मुद्दाम वाकडे बसवले. हा त्याचा फोटो. आता बघा."

चौकटीच्या चारही खाचा उभ्या होत्या.

सर हसले. "केल्या असतील मी सरळ. वाकडं मला बघवत नाही. हा काय गुन्हा झाला?"

"मुळीच नाही. पण तुम्ही तर आयुष्यात स्क्रूड्रायव्हर धरलेला नाही ना?"

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "नखाने केलं असेल."

"शक्य आहे." डॉक्टरीणबाईंनी खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, एका कोपऱ्यावरच्या स्क्रूवर टेकवला आणि अगदी थोडासा पिळला. मग हत्यार सरांच्या पुढ्यात ठेवून त्या हाताची घडी घालून बसल्या. "चुकलं वाटतं माझं. राहू दे."

वाकडी खाच सगळ्यांसमोर होती. सरांनी खिडकीकडे बघितलं, छताकडे बघितलं, पुन्हा चौकटीकडे बघितलं. मग त्यांचा हात आपोआप पुढे आला, त्याने हत्यार सराईतासारखं पेललं आणि एका पिळात खाच उभी केली. मग त्यांना कळलं आपण काय केलं ते.

"सर, का?" टिकलीचा आवाज फुटला.

"का?" सर उसळून उभे राहिले. "पहाटे उठून तुझा खांदा कुणी धरला? श्वास कसा घ्यायचा ते कुणी शिकवलं? तुझा हात थरथरायचा, तो कुणी स्थिर केला? आणि तू पेपरात सांगतेस, मावशीने घडवलं! या लाकूड कोरणाऱ्या बाईने! तू हरावीस असं माझ्या मनात कधीच नव्हतं. तू जिंकायचीस आणि नाव हिचं बुडायचं. मग आली असतीस माझ्याकडेच, रडत."

"मी तुमचंही नाव घेतलं होतं सर," टिकली म्हणाली. "पहिलं तुमचंच. त्यांनी छापलं नाही."

सर खाली बसले. पिस्तुलाचा ट्रिगर सुटण्याच्या कितीतरी आधी या माणसाच्या आत काहीतरी सुटलं होतं. डॉक्टरीणबाईंना त्यांची दया आली का? नाही आली. त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

७

टिकलीचा पहिला नंबर तिला परत मिळाला. वकीलबाईंच्या लेकीने स्वतः तिच्या गळ्यात पदक घातलं. बहिणीचा फोन आला, आणि डॉक्टरीणबाईंनी तो जरा वाजू देऊन मगच उचलला. सरांना क्लब सोडावा लागला, आणि दुसऱ्या कुठल्या क्लबात त्यांना कुणी दारात उभं केलं नाही.

खोली रिकामी करायच्या दिवशी डॉक्टरीणबाई तिथे गेल्या. सर खोक्यात सामान भरत होते. डॉक्टरीणबाईंनी ती चौकट त्यांच्या हातात दिली.

"ही तुमची भेट. परत घेणार नाही मी."

सरांनी ती घेतली. फोटोत टिकलीचा खांदा सुरेख ताठ होता, हात दगडासारखा स्थिर होता. तो हात त्यांनीच घडवला होता, हे खरंच होतं. मग त्यांची नजर कोपऱ्यावर गेली. तीन खाचा उभ्या होत्या. चौथी जराशी कलली होती, अगदी जराशी.

त्यांनी नख लावलं. स्क्रू हलेना.

"दाताचं सिमेंट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि खाचही भरून टाकलीये. हत्यार बसायचं नाही आता. नकोच असेल तर फेकून द्या. पण बघा, पोरीचा फोटो आहे."

पुढे बऱ्याच महिन्यांनी घड्याळकाका कुठलंसं भिंतीवरचं घड्याळ बसवायला सरांच्या घरी गेले होते. आल्यावर ते दवाखान्यात डोकावले. डॉक्टरीणबाई एका नव्या मुठीचा ठसा मेणात घेत होत्या.

"चौकट अजून आहे हो भिंतीवर, समोरच," काका म्हणाले. "त्या कोपऱ्यावर त्यांनी कागदाचा तुकडा चिकटवलाय."

"सरळ चिकटवलाय?"

"चिकटवलाय सरळच. पण मी तासभर होतो तिथे, आणि ते तेवढ्यात चारदा उठले आणि कागद उचलून खाली बघून आले."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, मेणावर अंगठा दाबला आणि काकांना म्हणाल्या, "बसा, चहा सांगते."